ठोकणारा नव्हता, पण दाढ दुखत होती

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ साली आला. अतुल कुलकर्णीने त्यात शेष देसाईचं काम केलंय आणि सोनाली कुलकर्णीने त्याच्या बहिणीचं, सीनाचं. शेषला स्किझोफ्रेनिया आहे. कोकणातल्या त्याच्या गावाजवळ एक देवराई आहे आणि त्याचं सगळं चित्त तिच्यात गुंतलेलं आहे. बहीण त्याला आपल्या घरी घेऊन येते आणि मग आजार एकट्या शेषचा राहत नाही, अख्ख्या घराचा होतो.

या चित्रपटाच्या निर्मितीमागे जगन्नाथ वाणी होते. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक, आणि हा आजार स्वतःच्या घरात पाहिलेले. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही त्यांनीच सुरू केली. म्हणजे चित्रपट कशासाठी काढला याबद्दल शंका नको. लोकांना हा आजार कळावा, घरच्यांना आपण एकटे नाही हे समजावं, यासाठीच. आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र पर्यावरण संवर्धनाच्या गटात.

ऐकताना हे विनोदी वाटतं. मला मात्र त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट दिसते. पुरस्कार देणाऱ्यांनी, ठरवून असो वा नकळत, शेषचं म्हणणं मनावर घेतलं. त्याचं मन आजारी आहे, त्याला होणारे भास खरे नाहीत, तरीही तो ज्याची काळजी करतो ते जंगल खरं आहे आणि ते जपायला हवं, एवढं त्यांनी मान्य केलं.

आपल्या घरात, गावात, ऑफिसात असं होतं का? आजारी माणूस जे बोलतो ते सगळंच आजाराचं असतं का? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून हा लेख.

देवीचं रान

मी मावळात राहतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडच्या डोंगरांत अजून देवराया सापडतात. भाताची खाचरं संपतात, चढ लागतो आणि उघड्या माळावर अचानक काळंभोर रान उभं राहतं. आत जांभूळ, आंबा, हिरडा, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. मध्ये शेंदूर फासलेला दगड. वाघजाई, भैरवनाथ, काळकाई, जे काही त्या गावाचं दैवत असेल ते. नियम साधा असतो, इथे कुऱ्हाड चालवायची नाही. बऱ्याच ठिकाणी पडलेली वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. नेली तर देवी कोपते.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोन शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या आणि १९७६ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना मूळच्या जंगलाचे शेवटचे तुकडे या देवरायांत टिकून होते. झरे टिकले, औषधी झाडं टिकली, दुसरीकडे दिसेनाशी झालेली झाडं टिकली.

आता विचार करा. 'फांदी तोडली तर देवी कोपेल' हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. पण 'हे रान तोडलं तर आपलं वाईट होईल' हे शंभर टक्के टिकतं. गावाने एक खरी गोष्ट अशा भाषेत सांभाळली, जी शब्दशः घेतली तर खोटी ठरते.

शेषसारखा माणूस तीच गोष्ट आणखी वेगळ्या भाषेत बोलतो. गाव म्हणतं, देवी कोपेल. तो म्हणेल, झाडं माझ्याशी बोलतात. गावाच्या वाक्याला आपण श्रद्धा म्हणतो, त्याच्या वाक्याला लक्षण. गावाला जत्रा मिळते, त्याला गोळी. हा फरक कुठून आला?

बहुमताने शहाणपण ठरतं का?

मनोविकारशास्त्राला ही अडचण चांगली माहीत आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची डीएसएम नावाची निदानपुस्तिका जगभर वापरली जाते. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत भ्रमाची व्याख्या करताना एक सवलत ठेवली होती. एखादी समजूत त्या माणसाच्या संस्कृतीतले इतर लोकही सहसा मानत असतील, तर तिला भ्रम म्हणायचं नाही. ही सवलत गरजेची आहे. नाहीतर चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेत जिच्या अंगात येतं त्या प्रत्येक बाईला दवाखान्यात न्यावं लागेल. ती बाई दुसऱ्या दिवशी घरी जाते, भाकऱ्या करते, कामाला लागते.

पण ही सवलत उलटीकडून पाहिली की भीती वाटते. सगळे मानतात ते शहाणपण आणि एकटा मानतो ते वेड, असा तिचा अर्थ कुणी काढला तर? सोव्हिएत रशियात तो काढला गेला. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांवर 'संथ स्किझोफ्रेनिया'चा शिक्का मारून त्यांना मनोरुग्णालयात डांबलं गेलं. अख्ख्या देशाला जे दिसत नाही ते याला दिसतं, म्हणजे हा आजारी.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे दार स्पष्टपणे बंद केलंय. त्याचं कलम ३ सांगतं की समाजातल्या प्रचलित नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते समजूत खरी की खोटी, मानणारे किती, यापेक्षा ती समजूत त्या माणसाच्या आयुष्याचं काय करते, हे पाहणं जास्त प्रामाणिक आहे. देवीवरच्या श्रद्धेमुळे गाव एकत्र येतं, झोपतं, जेवतं, पेरणी करतं. स्किझोफ्रेनियातले आवाज माणसाला झोपू देत नाहीत, खाऊ देत नाहीत, आईच्या हातच्या ताटात विष दाखवतात. त्याची भीती त्याला रोज थोडी थोडी खाते. उपचार करायचे ते या यातनेसाठी. त्याचं म्हणणं चूक आहे हे सिद्ध करण्यासाठी उपचार नसतात.

हे मान्य केलं की एक गोष्ट मोकळी होते. माणसाला औषधाची गरज आहे आणि माणसाचं म्हणणं ऐकायची गरज आहे, या दोन वाक्यांचं आपसात भांडण उरत नाही.

दाढ

माझी आत्या पवन मावळात असते. तिच्या मुलाला, दादाला, बारा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. तेव्हा तो एका कारखान्यात फिटर होता. आता घरीच असतो, गुरं बघतो, गोळ्या नियमित घेतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण पूर्वीसारखे हुकूम सोडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तो सांगायला लागला की रात्री कुणीतरी माझ्या जबड्यात हातोडीने ठोकतं. घरच्यांच्या पोटात गोळा आला. परत सुरू झालं वाटतं. गोळी चुकली का? कुणी काही बोललं का त्याला? शेजारच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून सुचवलं. भाऊबंदांपैकी कुणी म्हणालं, डोस वाढवून आणा. तीन आठवडे हेच चाललं. तो ठोकणाऱ्याबद्दल बोलायचा आणि सगळे ठोकणाऱ्याबद्दलच चर्चा करायचे.

आत्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो भाकरी डाव्या बाजूने चावत होता आणि उजव्या बाजूने घास फिरवतच नव्हता. तळेगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्यावर तिने आवाजांच्या आधी हे सांगितलं. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. म्हणाले, आधी दात दाखवा. दातांच्या दवाखान्यात कळलं की उजवीकडची खालची दाढ मुळापर्यंत किडून तिथे पू झालाय. दाढ काढली. चार दिवसांनी ठोकणारा गेला.

ठोकणारा नव्हता, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते खरंच होतं. पण जबडा होता, दाढ होती, ठणका होता. दादाने आपल्या दुखण्याला त्याच्याजवळ होती ती भाषा दिली. भाषा चुकीची म्हणून घराने दुखणंही रद्द केलं.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं सर्वसाधारण लोकांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्या आहेतच, पण हृदयविकार, मधुमेह, संसर्ग असे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार खूप आहेत. छातीत दुखतं असं त्याने सांगितलं तर ऐकणारा आधी त्याची फाइल बघतो.

ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मधल्या एका पुस्तकात या अन्यायाला नाव दिलं. मराठीत त्याला साक्षीचा अन्याय म्हणता येईल. एखादा माणूस काय सांगतो हे न तपासता, तो कोण आहे यावरून त्याच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरायची. बाईने सांगितलं म्हणून, गरिबाने सांगितलं म्हणून, वेड्याने सांगितलं म्हणून. फ्रिकर यांचा मुद्दा असा की यात नुकसान फक्त माहितीचं होत नाही. जाणणारा, सांगू शकणारा माणूस म्हणून त्याचं जे स्थान आहे, तेच काढून घेतलं जातं.

माझ्या कामात याचा एक कोरडा नमुना रोज दिसतो. सर्व्हरवर काही बिघडलं की अलर्ट येतो. एखादी यंत्रणा खोटे अलर्ट फार पाठवायला लागली की टीम ती म्यूट करते. दोष द्यावा असं त्यात काही नाही, रात्री तीन वाजता दहाव्यांदा उठणं कुणाला परवडतं? पण म्यूट केलेल्या यंत्रणेचा खरा अलर्टही त्याच कप्प्यात जाऊन पडतो. चांगली टीम दोन कामं करते. आवाज कमी करते आणि त्या यंत्रणेच्या नोंदी वाचायचं थांबवत नाही. वाईट टीम फक्त पहिलं काम करते. फरक एवढाच की सर्व्हरला म्यूट केल्याचं दुःख होत नाही.

गणितज्ञ जॉन नॅश यांची गोष्ट बऱ्याच जणांना 'अ ब्यूटिफुल माइंड'मुळे माहीत असते. स्किझोफ्रेनियाशी काही दशकं झुंजलेल्या या माणसाला १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्यासारखा तर्कशुद्ध माणूस परग्रहावरच्या संदेशांवर विश्वास ठेवूच कसा शकतो, असं त्यांना एकदा विचारलं गेलं. त्यांचं उत्तर साधारण असं होतं की त्या कल्पना मला तशाच सुचल्या जशा गणितातल्या कल्पना सुचायच्या, म्हणून मी त्या गांभीर्याने घेतल्या. आतून पाहणाऱ्याला खऱ्या आणि खोट्या कल्पनेवर वेगवेगळे शिक्के दिसत नाहीत. ते वेगळं करायला त्याला बाहेरचं माणूस लागतं. बाहेरच्या माणसाने सरसकट सगळंच खोट्याच्या टोपलीत टाकलं, तर त्याला मदत करणारं कुणी उरत नाही.

दोन खड्डे

इथे कुणी म्हणेल, हे लिहायला सोपं आहे. रात्री दोन वाजता मुलगा दार उघडून बाहेर निघालाय, कुणीतरी बोलावतंय म्हणतोय, तेव्हा त्या आईने त्यात दडलेलं सत्य शोधत बसायचं का?

नाही. तेव्हा दार लावायचं, माणसाला सुरक्षित ठेवायचं, डॉक्टरांना फोन करायचा. ऐकणं म्हणजे हो ला हो करणं नव्हे. घरच्यांना समुपदेशक साधारण एकच गोष्ट शिकवतात. भ्रमाशी वाद घालू नका, त्याला दुजोराही देऊ नका, त्यामागची भीती मात्र मान्य करा. 'मला कुणी दिसत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय, मी इथेच बसतो.' या वाक्यात खोटं काही नाही आणि अपमानही नाही.

नैराश्यात तर हा फरक जिवावरचा असतो. 'मी सगळ्यांना ओझं झालोय' असं कुणी म्हणालं, तर त्यामागचं दुःख पूर्ण खरं आहे आणि मांडलेला हिशेब पूर्ण चुकीचा आहे. दुःख खरं म्हणून हिशेबही खरा मानला तर माणूस हातातून जातो. हिशेब चुकीचा म्हणून 'काहीतरीच काय बोलतोस' असं झटकलं तरी जातो. दोन्ही वेगळं धरावं लागतं. हे वाचताना तुम्हाला स्वतःचं किंवा कुणा मित्राचं वाक्य आठवलं असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

भावे-सुकथनकर यांचा 'कासव' या ठिकाणी आठवतो. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. निर्मात्यांमध्ये मोहन आगाशे होते, जे नट आहेत आणि मनोविकारतज्ज्ञही. त्यातली जानकी त्या कोसळलेल्या मुलाला आसरा देते, पण त्याची उलटतपासणी घेत नाही. ती वाट बघते. ऐकण्याचा हा भाग सगळ्यात अवघड असावा, कारण त्यात बराच वेळ ऐकायला काहीच नसतं.

दुसरा खड्डा उलट बाजूला आहे आणि आपल्या मातीत तो जुना आहे. वेड्याला अवलिया ठरवायचं. तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने माय-बापही. महानुभाव पंथाने त्यांना अवतार मानलं. ज्याला सगळ्यांनी ओवाळून टाकलं असतं त्यात देव पाहणारी ही परंपरा क्रूर नक्कीच नव्हती. पण आज एखाद्या मुलाला पहिला झटका येतो तेव्हा 'याच्यात काहीतरी दैवी आहे' म्हणत उपचाराची दोन-चार वर्षं जातात आणि ती वर्षं परत मिळत नाहीत. बाबाच्या दारी रांग लागते, मुलगा आत कुढत राहतो. त्याच्या बोलण्यात अर्थ शोधण्याच्या नादात त्याची झोप, त्याचं जेवण, त्याची भीती कुणी पाहतच नाही. म्हणजे इथेही त्याचं ऐकलं गेलंच नाही.

सोशल मीडियावर या खड्ड्याला नवी किनार आलीय. मानसिक आजार म्हणजे संवेदनशील असण्याची खूण, औषध घेतलं की प्रतिभा मरते, अशा रील रोज दिसतात. 'देवराई'ची ताकद मला इथे वाटते. शेष हुशार आहे, त्याचं जंगलावरचं प्रेम खरं आहे, आणि म्हणून त्याला उपचार नकोत असं चित्रपट क्षणभरही म्हणत नाही. त्याला उपचार हवेत, म्हणून त्याचं प्रेम खोटं होतं, असंही म्हणत नाही.

मत कुणाचं धरायचं

२०१७ च्या कायद्याचं कलम ४ मला अलीकडच्या काळातल्या सगळ्यात समंजस वाक्यांपैकी वाटतं. आजार आहे म्हणून माणसाची निर्णय घेण्याची क्षमता संपली असं धरायचं नाही, असं ते सांगतं. माहिती समजून घेता येत असेल, परिणामांचा अंदाज येत असेल, निर्णय कळवता येत असेल, तर उपचारांबाबत त्याचा शब्द धरायचा. पुढे ते असंही म्हणतं की इतरांना त्याचा निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यानेच तो अक्षम ठरत नाही. तुमच्या-माझ्या चुकीच्या निर्णयांना जी सूट आहे तीच त्यालाही.

कायदा दवाखान्यापुरता असतो. घरात कायदा नसतो, सवय असते. आणि ज्याच्या शब्दाला किंमत नाही असं एकदा ठरलं, त्याच्यासमोर घर हळूहळू काहीही करायला मोकळं होतं. आमच्या बाजूला जमिनींचे भाव असे चढलेत की सातबाऱ्यावर नाव असलेला, पण 'त्याला काय कळतंय' म्हणून बाजूला बसवलेला एखादा भाऊ बऱ्याच घरांत सापडतो. एक्सप्रेसवे झाला, वीकेंडचे बंगले आले, डोंगराच्या उतारावर प्लॉट पडले. बैठकीत सगळे शहाणे असतात. वेडा अंगणात असतो. तो 'आपला डोंगर पळवतायत' असं ओरडला, तर ते पुन्हा लक्षणच ठरतं. डोंगर कुणी पळवत नाही, हे बरोबर. उतारावर जेसीबी उभा आहे, हेही बरोबर.

त्या दाढेच्या प्रकरणानंतर डॉक्टरांनी आत्याला एक वही करायला सांगितली. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, खरं की खोटं हे ठरवायचं नाही, शेजारी आपल्याला काय दिसलं ते लिहायचं. आत्या सातवी शिकलेली. तिची वही मी पाहिली आहे. एका पानावर दादाचं वाक्य आहे, 'घशात वाळू टाकली.' शेजारी तिने लिहिलंय, 'रात्री चार वेळा पाणी प्याला.' पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की गोळीने तोंडाला कोरड पडते, आणि गोळी बदलून दिली. त्याच्या खाली आणखी एक वाक्य आहे, 'वरच्या रानात माणसं मोजमाप करतात.' त्याच्या शेजारची जागा सध्या कोरी आहे. पाऊस उघडला की वर जाऊन बघून येते, असं आत्या म्हणाली.